‘उलटं तोंड करून उतरा’ म्हणे!

आमच्या सकाळच्या डोंबिवली लोकलच्या ग्रुपवर ‘न्यूटनने सांगितलेले लोकलचे चार नियम’ असा फॉरवर्ड आला. दुपारपर्यंत तोच मेव्हण्याने विरारहून पाठवला, संध्याकाळी मावशीने पनवेलहून. न्यूटनने गतीचे नियम छापले १६८७ साली आणि बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली १८५३ साली, पण ते सोडा. त्यातला चौथा नियम कुणी खरंच पाळला तर जिवावर बेतेल, म्हणून हे लिहितोय.

नियम पहिला : ‘धावत्या गाडीत उडी मारू नका, गाडी पायाखालून पुढे निघून जाते.’ फूटभर उडी मारली की माणूस साधारण अर्धा सेकंद हवेत असतो. ताशी ७२ किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्यात १० मीटर जाते, म्हणजे जवळपास अर्धा डबा. हे खरं असतं तर भजनी मंडळातला नाचणारा टाळकरी प्रत्येक अभंगाला मागच्या पार्टिशनवर आपटला असता. उडी घेताना गाडीचा वेग तुमच्या अंगात असतोच, आणि तो काढून घेणारं डब्यात काही नसतं. गॅलिलिओने १६३२ मध्ये जहाजाचा दाखला देऊन हेच सांगितलं होतं.

नियम दुसरा : ‘ब्रेक लागला की जडत्वाचं बल माणसाला पुढे ढकलतं.’ वर टांगलेल्या हँडलांकडे बघा. गाडी एका वेगाने सरळ जात असताना ती खाली लोंबतात, मोटरमनने ब्रेक मारला की सगळी रांग पुढे कलते. ओढलं कुणी? कुणीच नाही. वरचा दांडा मंदावला, हँडलं मात्र आधीच्याच वेगात होती. आपलंही तेच. डब्याची जमीन घर्षणाने पाय धरून ठेवते आणि धड आपल्या चालीने जात राहतं. म्हणजे बल आहे, पण ते मागच्या दिशेला, पायांवर. जडत्व ढकलत नाही. चाललंय ते चालू ठेवणं एवढाच त्याचा स्वभाव. (‘जाड माणूस जास्त फेकला जातो’ ही पुरवणीही चूक. त्याला थांबवायला बल जास्त लागतं, पण त्याच्या पायांखालचं घर्षणही त्याच प्रमाणात जास्त मिळतं.)

नियम तिसरा : ‘वळणावर माणूस बाहेर फेकला जातो, म्हणून आतल्या बाजूच्या दारात उभं राहणं सुरक्षित.’ वळणावर बाहेरचा रूळ मुद्दाम उंच ठेवलेला असतो, त्यामुळे डबा आतल्या बाजूला कलतो. ठरलेल्या वेगाने गाडी गेली तर तोल जमतो. पण सिग्नलसाठी ती तिथेच रेंगाळली की डब्यातली गर्दी आतल्याच दाराकडे झुकते, आणि तुम्ही नेमके त्याच दारात! ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर, शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली. समोरासमोरची दारं ती. वळणावर त्यातली एक बाजू आतली असणार आणि दुसरी बाहेरची.

आता चौथा. ‘उतरताना गाडीच्या उलट दिशेला तोंड करून उडी घ्या, वेग वजा होऊन शून्य होतो.’ यात अर्धं खरं आहे, आणि धोका त्या अर्ध्यातच आहे. वेग वजा होतो, पण किती? गाडी फलाटात शिरून ताशी १८ किलोमीटरवर आली, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. जागेवरून उडी मारून आपण फार तर सेकंदाला २ मीटर वजा करू. उरले ३, आणि तेही पाठीच्या दिशेने. फलाटाला पाय टेकले की ते थांबणार, धड मागे जात राहणार. मागे पावलं टाकून सावरायला आपले गुडघे तसे वाकत नाहीत, हात मागे टेकत नाहीत. आधी आपटतं ते डोक्याचं मागचं हाड.

जुने लटकणारे गाडीच्या दिशेला तोंड ठेवून उतरतात आणि चार पावलं पळतात, त्याचं कारण हेच : पुढे झेपावणाऱ्या धडाखाली पाय नेता येतात. पण सेकंदाला ५ मीटर म्हणजे १०० मीटर २० सेकंदांत, आणि हा वेग पहिल्याच पावलाला पकडायचा. त्यासाठी पुढे मोकळी जागा हवी. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी आठ वाजता ती कुणाला दिसली, तर ग्रुपवर फोटो टाका.