जानेवारीचा इंटरव्ह्यू म्हणजे उरलंसुरलं?

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर कोणीतरी रील टाकली. अमेरिकेतल्या रेसिडेन्सीचा (म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या तिकडच्या ट्रेनिंगचा) कुणी कन्सल्टंट टाय लावून सांगतोय, इंटरव्ह्यू ऑक्टोबर-नोव्हेंबरचा असेल तरच खरं, जानेवारीचा म्हणजे उरलंसुरलं. खाली लगेच काकांचा प्रश्न, "आपल्या चिऊचा कधीये?" अहो काका, पोरगी त्याच ग्रुपवर आहे, वाचते ती!

चिऊ म्हणजे माझी भाची, तालुक्याला एमओ, मेडिकल ऑफिसर आहे. एका प्रोग्रामचं, म्हणजे रेसिडेन्सी देणाऱ्या तिकडच्या हॉस्पिटलचं, इंटरव्ह्यूचं इन्व्हाइट नोव्हेंबरात आलं तेव्हा न्यूयॉर्कात दुपारचे चार, आपल्याकडे रात्रीचे अडीच, आणि ही कॅज्युअल्टीत विष प्यायलेल्या पेशंटला स्टमक वॉश देत होती. हातमोजे काढून फोन बघेपर्यंत स्लॉट फुल, वेटलिस्ट! तत्काळ तिकीट आहे का हे? स्लॉट असतील तेवढीच इन्व्हाइट पाठवा, उत्तराला दोन दिवस द्या, असं तिकडच्या मेडिकल कॉलेजांची संघटनाच सांगते, पण ऐकतंय कोण. पहिला येईल त्याला स्लॉट, यात वशिला चालत नाही हे मान्य, पण मग पेशंट सोडून फोन बघणाराच पहिला येणार ना.

आणि त्याच प्रोग्रामने डिसेंबरात तिला वेटलिस्टवरून घेऊन जानेवारीची तारीख दिलीय. ज्यांच्याकडे ढिगाने इंटरव्ह्यू असतात ते तेव्हा रद्द करायला लागतात, म्हणून जागा निघतात. हे उरलंसुरलं? मॅच, म्हणजे कोणाला कुठे जागा हे, लागते दोन्हीकडच्या, उमेदवारांच्या आणि प्रोग्रामच्या, रँक लिस्टवर, त्या लॉक होतात मार्चच्या आसपास. अशा जोड्या लावायच्या ज्या गणितासाठी शॅप्ली आणि रॉथना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात तुमच्या इंटरव्ह्यूच्या तारखेला रकानाच नाहीये हो! हां, जानेवारीपर्यंत समोरचे तेच तेच ऐकून कंटाळलेले असतील. असतील.

तारखेचा विचार करायचाच तर वेगळा करा. सगळ्यात आवडता प्रोग्राम पहिल्याच दिवशी घेऊ नका, आधी एकदोन होऊ देत, जीभ सुटते. नाइट ड्युटीला लागून तर अजिबात नको. इंटरव्ह्यू ऑनलाइन, कॅलिफोर्नियात सकाळी आठला सुरू म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ, संपेपर्यंत दोन-अडीच सहज वाजतात, तेवढा वेळ हसरा चेहरा ठेवून "व्हाय अवर प्रोग्राम"ची उत्तरं द्यायची असतात, बाहेर कुत्री भुंकत असतात. चिऊ आरशासमोर प्रॅक्टिस करते, मी दाराबाहेरून ऐकतो, छान बोलते हो ती.

आणि काका, मॅचचा निकाल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात असतो. तोपर्यंत तिला नाही, मला फोन करायचा.