एकदा केलेला लेआउट परत परत हाताने का काढायचा?

कालची अख्खी रात्र परत त्याच कामात गेली, डोकं फिरलंय नुसतं.

सर्किट बोर्ड आहे, काही फार मोठा नाही. सहा चॅनल, प्रत्येकात एक मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा स्विच), गेट रेझिस्टर, करंट मोजायला १० मिलिओहमचा शंट (अगदी कमी ओहमचा रेझिस्टर), करंट सेन्स अ‍ॅम्प्लिफायर, आणि बाकी किरकोळ धरून २४ पार्ट. सहाही चॅनल डिट्टो. स्केमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या आकृतीत, एक शीट काढली, सहा वेळा वापरली, पाच मिनिटांत विषय संपला. आणि लेआउटला, म्हणजे बोर्डावर पार्ट बसवून तांब्याचे ट्रॅक ओढायला, आलं की त्याच सॉफ्टवेअरला ह्यातलं काहीच आठवत नाही!! अरे, ही एकाच शीटची सहा पिल्लं आहेत हे तुझ्याच फाइलमध्ये लिहिलंय ना, मग पहिल्या चॅनलचा रेझिस्टर आर१०३ जिथे बसलाय तिथेच दुसऱ्याचा आर२०३ बसव, त्याचे ट्रॅक ओढ, संपलं, ह्यात अवघड काय आहे?

कॉपी-पेस्ट करून बघा म्हणतात. केलं. ट्रॅक येतात पण पहिल्या चॅनलचंच नेट (कुठल्या जोडणीचा ट्रॅक ते नाव) घेऊन येतात, डीआरसी (लेआउटमधल्या चुका शोधणारी तपासणी) मारला की सगळा बोर्ड शॉर्ट म्हणून लालभडक. पार्ट येतात ते स्केमॅटिकशी काही संबंध नसलेले, आणि खरे १२० पार्ट बोर्डाच्या बाहेर ढीग करून पडलेले. मग एकेक उचला, फिरवा, ठेवा, व्हाया (थर जोडणारी भोकं) मारा. त्यात फोंड्याला पावसात लाईट कधी जाईल त्याचा भरवसा नाही, दर दहा मिनिटांनी सेव्ह करत बसायचं.

सॉफ्टवेअरच्या सपोर्टला विचारलं तर म्हणे चॅनलचा लेआउट उतरवायचं फीचर आहे, पण वरच्या लायसन्समध्ये. म्हणजे माझंच काम मला परत वापरायला वेगळे पैसे! कायकॅड हे बोर्ड डिझाइनचंच सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फेब्रुवारी २०२५ ला आलेल्या ९ व्या व्हर्जनमध्ये मल्टिचॅनल लेआउट दिलाय, मी घरी वापरतो, एक चॅनल नीट लावला की बाकीच्यांवर तोच उतरवता येतो. पण कंपनीचे सगळे जुने प्रोजेक्ट ह्या लायसन्सवाल्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेत, सोडवणार कोण. आणि सर म्हणतात, कॉपीच तर करायचंय, दोन तासांत होईल.

वेळ गेला तरी एक वेळ चालेल हो, पण हाताने सहा वेळा केलं की चूक होतेच. मागच्या बोर्डात झाली. शंटचे सेन्स ट्रॅक पॅडच्या आतल्या कडेवरून काढायचे असतात, चार चॅनलना बरोबर काढले आणि पाचव्याला रात्री दोन वाजता एक ट्रॅक थोडा पुढच्या तांब्यावरून घेतला. ३५ मायक्रॉनच्या तांब्याचा एक चौकोन म्हणजे साधारण अर्धा मिलिओहम, असे दोन चौकोन मध्ये आले, म्हणजे १० च्या शंटला १ मिलिओहम फुकटचा जोडला गेला. ५ अँपिअर सोडले की रीडिंग ५.५. वेर्ण्याला लॅबमध्ये दोन दिवस आम्ही फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच्या चिपच्या प्रोग्राममध्ये) चूक शोधत होतो, तो लिहिणाऱ्या पोराला उगाच बोलणी बसली, नंतर मी त्याची माफी मागितली. पहिला चॅनल मी तपासलेला होता, मोजलेला होता, तोच जर जसाच्या तसा उतरला असता तर ही चूक व्हायला जागाच नव्हती.

शिरा पडो त्या लायसन्सवर. वीस बोर्ड आले होते, वीसही बोर्डांवर ब्लेडने तो ट्रॅक कापून पॅडवरून केसाएवढी एनॅमल वायर सोल्डर केली, भिंगाखाली, एकेक करून.