पॉवर टिलरची वॉरंटी आणि ग्राहक आयोग : खुलासा

शिरोळ-कागल भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'टिलर, ट्रॅक्टर धंद्याची वस्तू. वॉरंटीत दुरुस्ती नाकारली तरी शेतकऱ्याला ग्राहक आयोगात जाता येत नाही. गेलंच तर कंपनीच्या गावी, वकील घेऊन.'

हे चूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडत नाही. उसाला भर लावायला (बुंध्याशी माती चढवायला) घेतलेला टिलर अशी पोटासाठी घेतलेलीच वस्तू ठरतो. (चार-पाच यंत्रं घेऊन भाड्याने फिरवत असाल, तर मात्र वाद होऊ शकतो.) तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापुरातच करता येते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकिलाची सक्तीही नाही. मुदत, कारण घडल्यापासून 2 वर्षं.

खरी गोची कागदांची. 'तुम्हीच नीट वापरलं नाही' हे डीलर तोंडी सांगतो आणि आपण गप्प परत येतो. नकार लेखी मागा. देत नसेल तर आपणच स्पीड पोस्टाने पत्र धाडा. बिल, वॉरंटी कार्ड, सर्व्हिसचं जॉबकार्ड (केलेल्या कामाची नोंद) जपा आणि काढलेला पार्ट भंगारात घालू नका. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघायलाही हरकत नाही.