बालपण नव्हतं म्हणे!

गेल्या पंधरा दिवसांत एकच पोस्ट मला चार ग्रुपांवरून आली. मजकूर थोडक्यात असा : कडक चर्चमध्ये वाढलेल्या मुलांना बालपण नसतं. आठवड्यातला एक अख्खा दिवस घरात कोंडलेला. पत्ते नाहीत, नाच नाही, सिनेमा नाही. हे सगळं विलायती, आपल्या मातीतलं नव्हे. ही मुलं मोठी झाली की एकतर घुमी होतात, नाहीतर बिघडतात. आणि मित्र म्हणाल तर फक्त चर्चमधले. खाली रडक्या इमोजींची रांग.

मी अशाच घरात वाढले. पुण्यात, १९८० च्या दशकात, सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट आईवडिलांच्या पोटी. आज मी नेमानं उपासनेला जात नाही, तेव्हा वकिली करायचं मला काही कारण नाही. पण जे दुःख मला झालंच नाही त्याबद्दल कुणी कीव करायला लागलं की राग येतो. जे खरंच खुपलं, ते तर त्या पोस्टमध्ये धड आलेलंही नाही.

आधी एक किरकोळ दुरुस्ती. ‘चर्चवाले’ म्हणून सगळ्यांना एका पोत्यात भरू नका. वसईच्या कॅथलिक लग्नात बँड वाजतो, नाच होतो, वाइन असते. गोव्यात फेस्ताला तियात्र लागतो. त्यांना ही पोस्ट वाचून हसूच येईल. मी बोलतेय ते आमच्यासारख्यांबद्दल : शनिवार पाळणारे, आणि दारू, तंबाखू, चहा-कॉफी, डुक्कर, कोळंबी, दागिने, पत्ते, नाच, थिएटर हे सगळं वर्ज्य मानणारे.

‘एक अख्खा दिवस घरात कोंडलेला’

शब्बाथ, म्हणजे कामधंदा बंद ठेवून देवासाठी राखलेला दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी सूर्यास्ताला सुटतो. आता सूर्यास्त नेमका कधी, हे आमच्या घरात कोण सांगायचं? कालनिर्णय. एकादशी-चतुर्थी आम्हाला नको असायची, पण सूर्यास्ताची वेळ हवी, म्हणून दरवर्षी ते स्वयंपाकघरात खिळ्याला लागायचं. डिसेंबरात सहाच्या आसपास, जूनअखेर सव्वासात. त्यामुळे थंडीतल्या शुक्रवारी शाळेतून आलं की नुसती धांदल : बुटांना पॉलिश, शनिवारची भाजी शिजवून झाकलेली, आंघोळी, इस्त्री. एकदा माझ्या फ्रॉकची दुसरी बाही इस्त्रीची राहिली आणि वेळ झाली. आईनं प्लग काढला. दुसऱ्या दिवशी मी एक बाही कडक आणि एक चुरगळलेली अशी उपासनेला गेले.

पण कोंडलेलं? सकाळी शब्बाथ शाळा, म्हणजे बायबलचे वर्ग, मग उपासना, मग अंगतपंगत. पंधरा घरांचे डबे एका टेबलावर, आणि कुणाच्या डब्यात पुरणपोळी आहे याची बातमी शेवटच्या प्रार्थनेआधीच पोरांत फिरलेली. दुपारी ‘निसर्गात’ फिरायला हरकत नसायची, म्हणून आमची वरात तळजाईला, वेताळ टेकडीला, नाहीतर एम्प्रेस गार्डनला. पळण्याची शर्यत म्हणजे खेळ, तो चालायचा नाही. मग आम्ही टेकडी ‘भरभर चालत’ चढण्याची शर्यत काढली. खडकवासल्याला पाण्यात पाय बुडवायला परवानगी होती, पण गुडघ्याच्या वर पाणी गेलं की ते पोहणं. गुडघा नेमका कुठं संपतो यावर झालेले आमचे वाद ऐकून शास्त्री-पंडितांनीही कान टवकारले असते.

आणि सूर्य बुडाला, शेवटचं गीत झालं, की खुर्च्या भिंतीला. शनिवारची रात्र आमची असायची : कॅरम, बॅडमिंटन, संगीतखुर्ची, शेंगदाण्याचे लाडू. आमच्या पंथाच्या वसतिगृहांत शिकून आलेली मोठी मुलं सांगायची, तिथं नाचाऐवजी ‘मार्च’ असतो. रेकॉर्ड लावायची आणि मुलामुलींनी जोडीजोडीनं हॉलभर तालात चालायचं. नाच नाही तो नाहीच, पण ज्याला कुणाच्या शेजारी चालायचं असेल त्याची सोय झालेली.

पाथफाइंडर क्लबचं तर त्या पोस्टवाल्याला नावही ठाऊक नसावं. ॲडव्हेंटिस्ट चर्चनं १९५० मध्ये जगभरासाठी सुरू केलेला हा स्काउटसारखा प्रकार. गाठी मारणं, तंबू ठोकणं, तारे ओळखणं, पक्षी ओळखणं, आणि प्रत्येकासाठी खांद्यावरच्या पट्ट्यावर शिवायचा एक कापडी बिल्ला. बाराव्या वर्षी मी भर पावसात चूल पेटवू शकत होते. शेजारच्या बंगल्यातला मुलगा तेव्हा शाळा, शिकवणी आणि पुन्हा शिकवणी या तीन थांब्यांवर फिरत होता. त्याच्या बालपणावर कुणी पोस्ट लिहीत नाही.

‘पत्ते नाहीत’

होते. राजा-राणी-गुलाम नव्हते. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या पार्कर ब्रदर्स कंपनीनं ‘रूक’ नावाचा पत्त्यांचा खेळ काढला, तो खास आमच्यासारख्या सोवळ्यांसाठीच : चार रंग, एक ते चौदा आकडे, आणि एक कावळ्यासारखा पक्षी. कुणा मिशनरी कुटुंबानं मागं ठेवलेला जोड आमच्याकडं आला होता. त्यात बोली लावायची, हुकूम ठरवायचा, हात जिंकायचे. पुढं कॉलेजात मैत्रिणींनी मला ‘तीनशे चार’ शिकवायला घेतलं आणि तिसऱ्या डावात माझ्याकडं संशयानं बघायला लागल्या.

‘सिनेमा नाही’

खरं आहे. थिएटरची पायरी मी विसाव्या वर्षी चढले. तोच सिनेमा शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला तर पाप किती टक्के, याचा निकाल आमच्या घरात शेवटपर्यंत लागला नाही.

‘विलायती, आपल्या मातीतलं नव्हे’

पंथ अमेरिकेतलाच, १८६३ साली मिशिगनमध्ये स्थापन झालेला, यात लपवायचं काय? कॉर्नफ्लेक्सही तिथलेच, आणि तेही आमच्याच पंथाच्या बॅटल क्रीक आरोग्यधामात, डॉ. केलॉग यांच्या हाताखाली जन्मलेले. ते खाताना कुणाला माती आठवत नाही. आमच्या पंथाचं स्पायसर कॉलेज १९४२ मध्ये पुण्यात आलं, आणि तिथला ब्राउन ब्रेड न्यायला येणाऱ्या पुणेकरांनीही माती कधी विचारली नाही.

आणि शिस्तीचं म्हणाल, तर आमच्या पप्पांचे सगळ्यात जवळचे मित्र माळकरी होते. मांस नाही, दारू नाही, कांदा-लसूण नाही, एकादशीला उपास, आषाढीला वारी. त्यांच्या मुलांना बालपण नाही असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. दोघं एकमेकांच्या घरी निर्धास्त जेवायचे. एकाला चहा नको आणि दुसऱ्याला कांदा नको, त्यामुळे दोन्हीकडच्या बायकांची जी अडचण व्हायची तीही सारखीच. आम्ही गायचो ती पदं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, ओवी-अभंगाच्या चालीतली. टिळक काही आमच्या पंथाचे नव्हते. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो दुसऱ्या मिशनमध्ये. पण ‘विलायती’ म्हणणाऱ्यानं एकदा ती पदं टाळ-मृदंगावर ऐकावीत.

‘घुमी होतात, नाहीतर बिघडतात’

दर तीन महिन्यांनी तेरावा शब्बाथ यायचा. त्या दिवशी लहान मुलांनी सगळ्या मंडळीपुढं उभं राहून तिमाहीची पाठ केलेली वचनं म्हणायची. सहाव्या वर्षापासून दीडशे माणसांसमोर माइक धरलेली पोरं घुमी कशी होणार? आमच्यातल्या निम्म्या जणांचं तोंड आजही बंद होत नाही. ‘बिघडणं’ म्हणजे काय ते पोस्टनं सांगितलेलं नाही. चहा पिणं असेल, तर मी पार बिघडले आहे.

जाच होता तो वेगळाच. प्रत्येक काका-आंटीला आपली पोरं आणि दुसऱ्याची पोरं यात फरक वाटायचा नाही. सोळाव्या वर्षी मी लक्ष्मी रोडच्या बसथांब्यावर वर्गातल्या एका मुलाशी गाइडबद्दल दहा मिनिटं बोलत उभी होते. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती, गाइड वगळून. माझ्या भावाला त्याच थांब्यावर कुणी कधी पाहिलं नाही, कारण मुलांकडं कुणी बघतच नव्हतं. या एका गोष्टीसाठी मला आजही कुणाकुणाशी भांडायचं आहे. पण हे फक्त चर्चमध्ये होतं, असं म्हणायला सदाशिव पेठेतल्या माझ्या एकाही मैत्रिणीनं होकार दिला नसता.

‘मित्र फक्त चर्चमधले’

इथं पोस्ट खरेपणाच्या जवळ आली आहे, म्हणून सावकाश सांगते.

शनिवारी सकाळची शाळा. पप्पांनी अर्ज देऊन ठेवलेला, त्यामुळे माझ्या हजेरीत दर शनिवारी भोक. कवायत, स्नेहसंमेलनाच्या तालमी, आंतरशालेय खो-खोचे सामने, सगळं शनिवारीच. दहावीच्या वर्षी वेळापत्रक हातात येईपर्यंत घरात कुणी नीट जेवलं नाही, कारण शनिवारी पेपर आला तर काय याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. खेळायला वेळ भरपूर होता. फक्त माझा वेळ आणि वर्गाचा वेळ एकमेकांना भेटत नसत.

शनिवारचा अभ्यास उतरवायला मी रविवारी सकाळी एका मैत्रिणीकडं जायची. १९८७ साली त्याच वेळेला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. इतर चर्चची मुलं रविवारी उपासनेत बसलेली, आणि शनिवारवाली मी मैत्रिणीच्या सतरंजीवर, वही मांडीत, वनवास बघत. सगळे भाग पाहिले म्हणा ना.

त्यांच्याकडं गणपती असायचा. काकूंनी मोदकाची ताटली पुढं केली आणि मी म्हटलं, पोट दुखतंय. मूर्तीपुढं ठेवलेलं खायचं नाही हे आईनं शिकवलेलं, पण ते तोंडानं सांगायचं कसं हे शिकवलेलं नव्हतं. पुढच्या वर्षीही माझं पोट बरोब्बर चतुर्थीलाच दुखलं. काकू काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी विसर्जन झाल्यावर दोन दिवसांनी त्या स्वतः आमच्या घरी आल्या, पदराखाली डबा. दारातच आईला म्हणाल्या, “उकड आज सकाळी काढलीय. देवापुढं ठेवलेले नाहीत हो, सरळ कढईतून डब्यात.”

आईनं डबा उघडला, वास घेतला आणि म्हणाली, “मोदक कढईत नाही करत, मोदकपात्रात करतात.” मग दोघी हसत सुटल्या, आणि आईनं काकूंना चहाऐवजी लिंबाचं सरबत दिलं.