टेक्सासच्या पैलवानांचा शाप आमच्या आत्याच्या फोनवर

चार मिनिटांची रील आहे. मागे वाऱ्याचा घोंघावणारा आवाज, वर मराठी निवेदन, नाव ‘अमेरिकेतलं शापित पैलवान घराणं’. गोष्ट अशी: फ्रिट्झ व्हॉन एरिक नावाच्या पैलवानाने नाझी अधिकाऱ्याचं सोंग घेतलं, छळछावणीतून वाचलेल्या एका यहुदी म्हातारीने त्याला ‘तुझा वंश बुडेल’ म्हणून शाप दिला, आणि त्याच्या सहाही मुलांनी एकामागून एक आत्महत्या केल्या. मधे थोडे ड्रग्ज, थोडा कापलेला पाय, आणि शेवटी ‘नियतीचा न्याय’.

असल्या गोष्टी मी एरवी न बघताच पुढे जातो. ही रील मात्र एका नातलगाने माझ्या आत्याला पाठवली. आत्याचा थोरला मुलगा अपघातात गेला आणि पुढे धाकट्याने जीव दिला. आता घरात एक मुलगी आहे. रीलखाली नातलगाचा मजकूर: ‘बघा, परदेशातसुद्धा असतं. नारायण नागबळी करून घ्या, पोरीसाठी तरी.’ आत्याने फोन करून विचारलं, ‘खरं असतं का रे हे?’ नाही, आत्या. आणि का नाही ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी कोणी पाठवलं की हेच त्याला पाठवता येईल.

आधी ‘सहाही मुलांनी आत्महत्या केल्या’. फ्रिट्झचं खरं नाव जॅक ॲडकिसन, जन्म 1929, टेक्सासचा. त्याला सहा मुलगे झाले हे बरोबर. पहिला जॅक ज्युनियर 1959 साली न्यूयॉर्क राज्यातल्या नायगरा फॉल्स इथे गेला. तो 6 वर्षांचा होता. ट्रेलरच्या लोखंडी भागाला हात लागला, विजेचा धक्का बसला आणि तो वितळत्या बर्फाच्या पाण्यात तोंडावर पडला. सहा वर्षांच्या पोराला आत्महत्येच्या यादीत घालताना निवेदकाचा आवाज जरासुद्धा अडखळत नाही. डेव्हिड 1984 साली टोकियोतल्या हॉटेलच्या खोलीत मेलेला सापडला, त्याबद्दल पुढे लिहितो. माइक 1987, ख्रिस 1991 आणि केरी 1993 या तिघांनी जीव दिला. आणि केव्हिन, 1957 चा जन्म, जिवंत आहे. म्हणजे सहापैकी आत्महत्या तीन. तीन हा आकडाही कुठल्याही आईबापांसाठी भयंकर आहे, तो फुगवायची गरज कशी वाटली कोण जाणे.

आता म्हातारीचा शाप. ही म्हातारी कोण, कुठली, केव्हा भेटली, रीलमध्ये काहीही नाही. रीलचा सगळा डोलारा मात्र तिच्यावर उभा आहे, तेव्हा जरा थांबून बघू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीत दुष्ट जर्मनाचं सोंग हा चालणारा माल होता. लोक पैसे देऊन शिव्या घालायला यायचे. फ्रिट्झ त्यातला एक. हान्स श्मिट नावाने गाजलेला ‘जर्मन’ प्रत्यक्षात कॅनडातल्या क्युबेकचा ग्वी लारोझ होता. तो 2012 साली 87 वर्षांचा होऊन वारला. बॅरन व्हॉन रॅश्के म्हणजे नेब्रास्काचा जेम्स रॅश्के. त्याने नुसतं जर्मन सोंगच घेतलं नाही, समोरच्याचं कपाळ पंजात आवळायचा फ्रिट्झचा तो प्रसिद्ध डावसुद्धा वापरला. त्याने वयाची ऐंशी ओलांडली. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे वाल्डो व्हॉन एरिक. हा फ्रिट्झचा सख्खा भाऊ म्हणून रिंगमध्ये उतरायचा, आडनाव तेच, सोंग तेच. खरा माणूस टोरांटोचा वॉल्टर सीबर, रक्ताचं नातं शून्य. तो 2009 साली 75 व्या वर्षी गेला. शाप नावाला लागला म्हणावं तर वाल्डो सुटला, सोंगाला लागला म्हणावं तर श्मिट सुटला, डावाला लागला म्हणावं तर रॅश्के सुटला. नेमका पत्ता शोधून एकाच घरी जाणारा शाप असेल, तर तो कुरिअरवाल्यापेक्षा हुशार म्हणायचा.

आणि यहुद्यांचा राग म्हणता? ऐंशीच्या दशकात डॅलसहून निघणारा व्हॉन एरिक मंडळींचा टीव्ही कार्यक्रम इस्रायलमध्ये तुफान चालायचा. 1985 साली ही भावंडं तिथे दौऱ्यावर गेली तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. याच दौऱ्यात माइकचा खांदा निखळला. आता कोणीतरी टाळी वाजवून म्हणेल, ‘बघा, तिथेच!’ म्हणू दे. खांदा निखळणं ही कुस्तीत रोजची गोष्ट आहे, आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या कुठल्याही तालमीत विचारा.

मला खरा राग आहे तो यापुढच्या भागाचा. त्या तीन मुलांचं काय झालं ते रीलमध्ये दहा सेकंदांत उरकलंय, आणि सांगण्यासारखं सगळं तिथेच आहे.

माइकला पैलवान व्हायचंच नव्हतं. त्याला कुस्तीच्या प्रक्षेपणात कॅमेऱ्यामागे काम करायचं होतं. 1983 च्या अखेरीस तो रिंगमध्ये उतरला, आणि तीनच महिन्यांत डेव्हिड गेल्यावर त्याची रिकामी जागा या पोराच्या अंगावर आली. इस्रायलच्या दौऱ्यानंतर खांद्याची शस्त्रक्रिया झाली, त्यातून जंतूंचं विष रक्तात पसरलं. टॉक्सिक शॉक सिंड्रोम म्हणतात त्याला. ताप 107 अंश फॅरनहाइटपर्यंत चढला. वाचला, पण वजन घटलं, बोलणं जड झालं, मेंदूवर परिणाम राहिला. अशा मुलाला ‘जिवंत चमत्कार’ म्हणून लोकांसमोर उभं केलं गेलं आणि 1986 साली पुन्हा कुस्तीला लावलं. पुढच्या एप्रिलमध्ये तो गेला, 23 वर्षांचा. ख्रिस सगळ्यात धाकटा. लहानपणापासून दमा, त्यावर प्रेडनिसोन हे स्टेरॉइड वर्षानुवर्षं चालू. त्याने हाडं ठिसूळ झाली, उंचीही जेमतेम साडेपाच फूट. साधा डाव टाकतानासुद्धा हाडं मोडायची. भावांसारखं व्हायचं एवढंच त्याच्या मनात होतं, आणि ज्या भावाशी त्याचं सगळ्यात जमायचं तो माइक आधीच गेलेला. बावीस पूर्ण व्हायला 18 दिवस असताना तोही गेला. केरीचा 1986 साली मोटारसायकलवर अपघात झाला, पुढे पाऊल कापावं लागलं, वेदनाशामक गोळ्या लागल्या त्या सुटल्या नाहीत, मग कोकेन, मग खटला. शिक्षा स्थगित होऊन बाहेर असताना पुन्हा आरोप झाला आणि तुरुंग समोर दिसायला लागला.

यात कुठली गोष्ट शापावाचून उलगडत नाही? जंतुसंसर्ग, मेंदूची इजा, स्टेरॉइड, व्यसन, आणि प्रत्येक मृत्यूनंतर उरलेल्यांवर वाढत गेलेलं दुःख. घरात एक आत्महत्या झाली की मागे राहिलेल्यांचा धोका वाढतो, हे मानसोपचार करणारा कुठलाही डॉक्टर सांगेल. त्याचा अर्थ उरलेल्यांना जपायचं असतं, त्यांच्याशी बोलायचं असतं, गरज असेल तर उपचार करायचे असतात. ‘घराला शाप आहे’ हे वाक्य नेमकं उलटं काम करतं. ते उरलेल्या माणसाला सांगतं की आता तुझा नंबर. माझ्या आतेबहिणीने ती रील आईच्या फोनवर बघितली आहे. ‘पोरीसाठी तरी’ हे तिने वाचलंय. पाठवणाऱ्याला याची कल्पना आहे का? ज्याला पूजा करून मन शांत होतं त्याने ती जरूर करावी, माझं भांडण पूजेशी नाही. पण त्या पोरीला आत्ता हवं आहे ते कोणीतरी शेजारी बसून ऐकणारं माणूस, आणि ते घरात नसेल तर 14416 हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

डेव्हिडबद्दल रील छातीठोकपणे म्हणते, ‘ड्रग्जने मेला’. अधिकृत नोंदीत कारण तीव्र आंत्रदाह, म्हणजे आतड्याची गंभीर सूज, असं आहे आणि घरच्यांनीही कायम तेच सांगितलं. मात्र गोळ्यांची कुजबुज रीलवाल्याने शोधून काढलेली नाही. रिक फ्लेअरसारख्या मोठ्या पैलवानाने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिलंय की त्यांच्या धंद्यातली मंडळी हा मृत्यू गोळ्यांमुळेच झाला असं मानतात, आणि ब्रुझर ब्रोडी या पैलवानाने खोलीतल्या गोळ्या संडासात टाकल्या. तेव्हा कुजबुज आहे, नोंद वेगळी आहे. दोन्ही सांगा. आणि गोळ्या खऱ्या धरल्या तरी त्यात म्हातारीचा काय संबंध?

‘पाय गेल्यावर केरी पुन्हा कधीच रिंगमध्ये उतरला नाही’ हे तर धडधडीत खोटं. तो कृत्रिम पाऊल लावून वर्षानुवर्षं खेळला आणि ही गोष्ट त्याने जिवापाड लपवली. 1988 साली लास वेगासला एका कुस्तीत प्रतिस्पर्ध्याच्या हातात त्याचा बूटच निघून आला, तेव्हा तो घाईघाईने रिंगखाली शिरला. आणि 1990 साली, एकच पाऊल असताना, त्याने मिस्टर परफेक्टला हरवून इंटरकॉन्टिनेंटल अजिंक्यपद घेतलं. नव्वदीत केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ बघत मोठे झालेल्यांना टेक्सास टॉर्नेडो आठवत असेल, तो हाच. कुस्ती नूरा असते, निकाल आधी ठरलेला असतो, सगळं मान्य. पण पाऊल खरंच नव्हतं आणि आदळणारं अंगही खरंच होतं.

रीलमध्ये एक वाक्य मात्र असं आहे की ते मला खोडता येत नाही: ‘बापाने पोरांचं दुःखसुद्धा विकलं’. नाइलाजाने म्हणतो, यात बरंच तथ्य आहे. डेव्हिड गेल्यावर तीन महिन्यांच्या आत टेक्सास स्टेडियमवर त्याच्या नावाने भव्य कुस्त्या ठेवल्या गेल्या, तीस हजारांवर लोक आले, आणि तिथे केरीने रिक फ्लेअरला हरवून जगज्जेतेपद मिळवलं. ते त्याच्याकडे फक्त 18 दिवस राहिलं. माइक आजारी पडल्यावर भाऊ कमी पडायला लागले तसा लान्स नावाचा एक चुलतभाऊ आणला गेला. तो भाऊ नव्हताच, भाड्याने आणलेला पैलवान होता. 1987 च्या नाताळात, माइकला जाऊन वर्ष झालेलं नसताना, फ्रिट्झने रिंगमध्ये कोसळण्याचं नाटक केलं आणि चाहत्यांना त्याच्या प्रकृतीच्या बातम्या पुरवण्यात आल्या. डॅलसच्या ‘डी मॅगझिन’ने फेब्रुवारी 1988 मध्ये या घराण्याच्या पडझडीवर मोठा लेख छापला होता. तारीख लक्षात घ्या. ख्रिस आणि केरी तेव्हा जिवंत होते. म्हणजे शेवटचे दोन मृत्यू होण्याआधीच त्याच शहरातल्या पत्रकाराला हे घर कोसळताना दिसत होतं, आणि त्यासाठी त्याला म्हातारी लागली नाही. शापाची गोष्ट सांगितली की बाप सुटतो, धंदा सुटतो, गोळ्या लिहून देणारे सुटतात. तरीही बापाला राक्षस करून टाकणंही मला पटत नाही. पाच पोरं गमावलेला तो माणूस होता, लग्न बेचाळीस वर्षांनी मोडलं, 1997 साली कर्करोगाने गेला. त्याने मुलांवर प्रेमही केलं आणि त्यांना मोडूनही टाकलं. अशी माणसं आपल्याकडे काय कमी आहेत?

राहिला ‘वंश बुडाला’. रीलच्या शेवटी सहाही भावांचे फोटो येतात आणि सगळ्यांना हार घातलेले आहेत, केव्हिनलासुद्धा. या केव्हिनला चार मुलं आहेत, नातवंडं आहेत. 2009 साली डब्ल्यूडब्ल्यूईने (म्हणजे आधीच्या डब्ल्यूडब्ल्यूएफनेच) घराण्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा तो सन्मान स्वीकारायला तोच उभा होता. 2023 साली कुटुंबावर हॉलीवूडचा चित्रपट आला (त्यात ख्रिसला वगळलंय, एवढे मृत्यू एका चित्रपटात मावेनात म्हणून), तेव्हाही मुलाखती देत होता, आणि शापावर आपला विश्वास नाही हे त्याने सांगितलंय. त्याचे दोन्ही मुलगे, रॉस आणि मार्शल, पैलवान झाले. रिंगमध्ये उतरताना त्यांनी आडनाव घेतलं ते व्हॉन एरिक. ॲडकिसन म्हणून उतरता आलं असतं. पाच भावांना निरोप दिलेल्या माणसाने पोरांना ते नाव लावू दिलं, आणि आमचा नातलग सांगलीत बसून त्या नावाची भीती घालतोय. रील करणाऱ्याला बाकी काही दुरुस्त करायचं नसेल तर नको करू दे, पण जिवंत माणसाच्या फोटोवरचा हार आधी काढ म्हणावं.