आवाज यायलाय

गाडी ठोकली, पेटली किंवा चोरीला गेली, तर गल्लीतले लोक भेटायला येतात. पण “मागून बारीक आवाज यायलाय, तोही ७० ते ८०च्या मधेच, अन् पाय हलका ठेवला तरच” असं सांगणाऱ्याला परभणीत लोक आधी कानाच्या डॉक्टरचा पत्ता देतात. त्यातून गाडी दोन दारांची, पोट जमिनीला टेकवून पळणारी स्पोर्ट्स कार असली की सहानुभूतीचा प्रश्नच मिटला. “एवढ्या पैशात आवाजबी यायलाय का?” असं विचारून माणूस खुशीत घरी जातो.

टपरीवर निदान फुकट मिळतं. कुणी म्हणतो टायर, कुणी म्हणतो बेरिंग, कुणी म्हणतो नायट्रोजन भरा. कोपऱ्यात बशीतून चहा ओढणारा ट्रक ड्रायव्हर मान वर न करता सांगतो, “क्राऊन बोलायलाय.” माझ्या मते गाडी थेट त्याच्या ताब्यात द्यावी. पण ती वॉरंटीत असते.

हा क्राऊन असतो मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलमध्ये. आणि डिफरन्शियल म्हणजे काय, ते खळ्यात बैलांची पात पाहिलेल्याला वेगळं शिकवायला नको. मेढीजवळचा, म्हणजे मधल्या खांबाजवळचा बैल जागच्या जागी पाय बदलतो, कडेच्याला मात्र पळावं लागतं, आणि सगळे एकाच दाव्यात. मागच्या चाकांचंही तेच. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर एका पूर्ण फेऱ्यात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त चालतं. फेरा लहान असो की मोठा. वसमत रोडवर यू-टर्न मारला की ४.७ मीटर. बैलगाडीला ही भानगड नाही, तिची चाकं आसावर आपापली फिरतात. मोटारीत पिनियन नावाचं लहान दातेरी चाक क्राऊन नावाच्या मोठ्या चाकाला फिरवतं, आणि क्राऊनला जोडलेल्या डब्यातले लहान गिअर दोन्ही चाकांची समजूत काढत बसतात.

साध्या डिफरन्शियलचा न्याय फार समान. दोन्ही चाकांना जोर सारखाच, आणि तो किती? तर ज्याची पकड कमी, त्याला पेलेल तेवढाच. म्हणून पावसाळ्यात काळ्या रानात एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं व्याह्यासारखं बसून राहतं. ट्रॅक्टरवाला अशा वेळी दोन्ही चाकं एकत्र बांधणारं लॉकचं पेडल दाबतो, चिखलातून निघतो आणि वळायच्या आधी पेडल सोडतो. स्पोर्ट्स कारमध्ये हे काम, एका चाकाला फार मोकळं फिरू न देणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल करतं. कित्येक गाड्यांत त्यासाठी आत क्लचप्लेटींची चळत असते. पेडल गेलं, बिल आलं.

आता आवाज. सर्व्हिस सेंटरला जाऊन ‘आवाज येतो’ एवढंच सांगणं म्हणजे दवाखान्यात ‘दुखतंय’ म्हणून गप्प बसणं. आवाजाचं कूळ सांगावं लागतं. पाय दाबला की ‘ऊंऽऽ’ आणि काढला की गप्प, तर क्राऊन-पिनियनच्या दातांची ओढणारी बाजू. पाय काढल्यावरच सूर लागत असेल तर दातांची उलटी बाजू. पाय कसाही ठेवा, घरघर वेगाबरोबर वाढतच जाते, तर बेअरिंग. मोकळ्या सरळ रस्त्यावर, इंजिन चालू ठेवूनच, क्षणभर न्यूट्रल करून बघावं. इंजिनाचे फेरे उतरले तरी आवाज तसाच राहिला तर इंजिन निर्दोष. हलकंसं डावी-उजवीकडं वळल्यावर आवाज कमी-जास्त झाला, तर चाकाच्या बेअरिंगकडं बघावं, डिफरन्शियलला उगाच बदनाम करू नये. गिअर टाकताच ‘खट्ट’ झालं तर तीन संशयित: दातांमधली ढील, मागं जोर आणणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस म्हणजे सांधा, किंवा डिफरन्शियल ज्यांवर टांगलेलं असतं ती रबरी माउंटिंग.

आणि पार्किंगमध्ये पूर्ण स्टेअरिंग वळवून हळू जाताना मागचा भाग ‘गुर्र गुर्र’ करत थरथरला, तर क्लचप्लेटी. ही तक्रार बऱ्याचदा नुसत्या तेलानं बरी होते. अशा प्लेटींना बहुधा ७५डब्ल्यू-९० जीएल-५ तेल लागतं आणि त्यात फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे प्लेटींना अलगद सरकू देणारं रसायन. ते नसलं की प्लेटी चिकटतात, सुटतात, परत चिकटतात. तेल लागतं जेमतेम लिटरभर. पण खोड अशी की ही थरथर बहुतेक वेळा तेल चांगलं तापल्यावरच येते. गाडी रात्रभर सर्व्हिस सेंटरच्या आवारात थंड केली आणि सकाळी दहाला दाखवली, की ती माहेरी आल्यासारखी शहाणी वागते.

पुण्या-मुंबईकडच्यांनी आमच्याकडं अशा गाड्या नसतात असं समजू नये. २०१० साली तेव्हाच्या औरंगाबादेत लोकांनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. गाड्या आहेत, आवाज ऐकणारा माणूस तेवढा परभणीपासून २०० किलोमीटरवर आहे. त्याच्या गळ्यात ओळखपत्र असतं, हातात टॅब. तो शोरूमपासून पुढच्या सिग्नलपर्यंत ४०च्या वेगानं, एसी पूर्ण जोरात लावून गाडी नेऊन आणतो आणि म्हणतो, “सर, आवाज तर नाहीये.” खरंच नसतो. ज्या वेगाला आवाज येतो तो वेग त्या रस्त्यावर फक्त रात्री दोन वाजता गाठता येतो.

म्हणून चाचणी कुठं आणि कशी, हे आपण ठरवावं. समृद्धीवर किंवा जालना रोडवर शहराबाहेर, गाडी अर्धा तास तापवून, वेग ७५, चौथा गिअर, काचा बंद, एसीचा पंखाही बंद, आणि मेकॅनिक मागच्या सीटवर. मागच्या सीटवर खरं तर दप्तर मावतं; तिथं सहा फुटी मेकॅनिक घडी करून बसवावा लागतो, पण त्याचं डोकं क्राऊनच्या जवळ जातं हा फायदाच. मे महिन्यात हे दहा मिनिटं केलं की तो आवाज आला नाही तरी आला म्हणतो.

मग जॉब कार्ड. तिथं ‘मागील आवाज तपासणे’ एवढंच लिहिलेलं असेल तर सही करू नये. वेग, गिअर, पाय दाबलेला की काढलेला, गाडी गार की गरम, किती किलोमीटरनंतर, सगळं आपल्या शब्दांत लिहवून घ्यावं, किलोमीटर रीडिंगसकट, आणि प्रत घ्यावी. वॉरंटी संपायला चार दिवस असताना नोंदवलेली तक्रार आणि चार दिवसांनंतर केलेली तक्रार यांत आवाज तोच असतो, भाव बदलतो. “हे नॉर्मल आहे सर, या मॉडेलला येतोच” असं म्हणाले, तर शांतपणे त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवून दाखवायला सांगावं. मराठवाड्यात अडचण अशी की ती दुसरी गाडी आधीच लिफ्टवर असते, आणि मालक बाहेर सोफ्यावर आपल्यासारखाच बसलेला असतो.

यानंतर वॉरंटी कशी बसत नाही याचा शोध सुरू होतो. पहिला आरोप टायरचा, आणि तो खोटा नसतो. मागचं एकच टायर फुटलं म्हणून आपण एकच नवं घातलेलं असतं. नव्याची नक्षी ८ मिलिमीटर, जुन्याची ३. म्हणजे व्यासात १० आणि घेरात ३१ मिलिमीटरचा फरक. चाक किलोमीटरमागं सुमारे ५०० फेरे घेतं, म्हणजे दर किलोमीटरला १५ मीटरची तफावत. संभाजीनगरहून पुण्याला जाईपर्यंत एक चाक दुसऱ्यापेक्षा साडेतीन किलोमीटरचा हिशेब मागायला लागतं, तोही सरळ रस्त्यावर, आणि तो सगळा क्लचप्लेटी घासून फेडतात. मागची टायरं जोडीनंच बदलावीत, बिल जपून ठेवावं.

दुसरा आरोप, ‘खालून मार बसलाय’. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आमच्याकडं तो वाड्याच्या उंबऱ्याच्या मापानं करतात, त्यामुळं डिफरन्शियलच्या प्रत्येक हौजिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, ओरखडे असतातच. ओरखडा बाहेर आणि दात आत, यांचा संबंध काय ते लेखी मागावं. तिसरा आरोप, बाहेर काम केल्याचा, आणि इथं मात्र आपलंच चुकलेलं असू शकतं. पिनियनच्या सीलमधून तेल पाझरतं म्हणून आपण जवळच्या गॅरेजात सील बदलून घेतो. तो गडी पिनियनचा नट पान्याला पाईप लावून आवळतो. आतल्या दोन बेअरिंगच्या मधे बहुतेक ठिकाणी एक चेपणारी नळी असते, क्रश स्लीव्ह. ती ठरलेल्या जोरापर्यंतच चेपायची असते. जास्त चेपली की नट सैल करून ती परत फुगत नाही, नवीच टाकावी लागते. बेअरिंग जास्त घट्ट, मग तापतं, मग बोलतं. बरं, सील मुळात पाझरलं कशानं? कित्येकदा ब्रीदरनं. हौजिंगच्या डोक्यावरची हवा जायची ती एवढीशी टोपी, काळ्या मातीच्या धुरळ्यानं बुजते. आतली हवा तापून फुगते आणि सीलमधून वाट काढते. ब्रीदर न बघता सील बदलत राहिलं तर दर पोळ्याला नवं सील.

हौजिंग उघडताना हजर राहायचा हट्ट धरावा. आधी तेल भरायचा बोल्ट सैल होतो का बघायचं, मगच खालचा काढायचा. वरचा अडकला आणि तेल सांडून बसलं, तर गाडी टोचन करायचीही सोय नाही, तिला सपाट ट्रकच लागतो. खालच्या बोल्टाच्या चुंबकावर राखाडी लोणी लागलेलं असलं तर ते चालण्याचं घासणं, काळजी नाही. चमकणारे कण, कपचे दिसले तर फोटो काढावा आणि तेल काचेच्या बाटलीत घ्यावं. दातांमधली ढील डायल गेजनं मोजतात, साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एक-दोन पानांएवढी. ती आकड्यात लिहून मागावी. “थोडी जास्त आहे” हे माप नाही.

दातांची जुळवणी करण्याच्या भानगडीत हल्ली सहसा कुणी पडत नाही. कंपनीची मंजुरी आली की अख्खं डिफरन्शियलच बदलतात. मंजुरी येईपर्यंत आणखी फोटो, आणखी व्हिडिओ, आणि दर आठवड्याला “सर, मेल टाकलाय”. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण ज्यानं काढली, त्याला पहिल्या ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सुटा भाग मागवायचा नव्हता. अगदीच हलेना झालं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो तिथंच करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांत. गाडीला ५० लाखांपर्यंत मोजले असतील तर जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. महागडी गाडी घेतल्याचा हा एक मान.

गाडी परत मिळते तेव्हा सल्लागार दोन गोष्टी सांगतो. फोन येईल, १० पैकी १० द्या. आणि नव्या प्लेटींत तेल मुरावं म्हणून मोकळ्या मैदानात सावकाश आठ घाला, दहा-बारा वेळा. मग संध्याकाळी मैदानाच्या एका कोपऱ्यात चालीच्या वेगानं आठाचा आकडा गिरवत बसावं लागतं. क्रिकेट थांबतं. पोरं ओळीनं कठड्यावर बसतात. फिरायला निघालेले एक काका काचेवर टकटक करतात, खाली वाकतात आणि मायेनं विचारतात, “लायसन काढायलेत का?”