शाळेत लोकशाही आणायचीय? सोप्पंय!

परवा सहावीतला एक पोरगा रजिस्टर घेऊन दारात उभा. "काका, सरांनी सही मागितलीय." कसली रे? तर शाळा व्यवस्थापन समितीची निवड झाली म्हणे. सकाळीच. मी घरी दाढी करत होतो, पण इतिवृत्तात अनुमोदक म्हणून माझं नाव, तेही वळणदार अक्षरात! तेव्हा तुमच्याही गावच्या जिल्हा परिषद शाळेत लोकशाही रुजवायची असेल तर घ्या लिहून.

सभेची नोटीस जरूर लावा. सगळं गाव कांदे काढायला रानात गेलं की मग लावा.

मुलांचं मंत्रिमंडळ हवंच. मतदान मुलांनी करायचं, मोजणी ऑफिसात. स्वच्छतामंत्र्याच्या हातात झाडू द्या.

आता समिती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 21 आहे, 75 टक्के सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. घाबरू नका, घ्या की महिला, सहीला त्यांचे मिस्टर येतात. अध्यक्ष आदल्या रात्री ढाब्यावर ठरवा, पालकच हवा ना, मग ज्याची दोन पोरं पिवळ्या बसने तालुक्याला इंग्लिश मीडियमला जातात आणि तिसरं तेवढ्यासाठी इथल्या पटावर ठेवलंय असा बघा. कुणी हात वर केलाच तर "शाळेत राजकारण नको" म्हणायचं, आणि ते म्हणणारा मागच्या पंचायतीला पडलेला असला तर उत्तम. शाळेचा विकास आराखडा करायचा, अनुदान कुठं खर्च झालं ते बघायचं, ही कामंसुद्धा समितीचीच आहेत, पण त्यात काय, मागचाच आराखडा घ्या न् साल बदला. मागच्या सभेत एका ताईंनी विचारलं, मुलींच्या टॉयलेटला नळ बसवल्याचं बिल लागलंय, मग पाणी कुठंय? सर म्हणाले, विषयपत्रिकेत नाही. अहो पण विषयपत्रिका काढली कुणी? तुम्हीच ना! त्यांची पोरगी मधल्या सुट्टीत घरी पळते ती परत येत नाही, तिची गैरहजेरी तेवढी बरोबर लागते!

आणि हीच पोरं रोज परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हणतात, 2020 च्या 26 जानेवारीपासून सक्तीच आहे. "दर्जाची व संधीची समानता" म्हणून झालं की त्यातल्याच एकाच्या हातात ते रजिस्टर द्यायचं आणि घरोघर पाठवायचं.

जाऊ दे, उपरोध गेला खड्ड्यात. सरांना वरून फोटो मागतात, ते फोटो पाठवतात. आपलं काय? त्या ताई बोलत होत्या तेव्हा आम्ही सात-आठ बाप तिथंच बसलेलो, एकजण तोंड उघडेल तर शपथ. गॅदरिंगला पोरीचा नाच असला की मोबाईल घेऊन पहिल्या रांगेत, आणि सभा म्हटली की कामं आठवतात! लाज वाटायला पाहिजे. मलापण, कारण मी सही केली. कामावर जायची घाई होती.

तारीख टाकायला लागलो तर पोरगा म्हणाला, "काका, तारीख नको, सर टाकतात."